अकरा आणि बारा क्रमांकाचे हात

बाईंच्या नखप्रसाधन प्रशिक्षण केंद्राची तपासणी त्या सकाळी होणार होती आणि केंद्रात दोन हात कमी पडत होते.

बाब वाटते तितकी किरकोळ नव्हती. नखं घासायला, आकारात आणायला आणि रंगवायला शिकवणाऱ्या शाळा गल्लोगल्ली निघाल्या, तेव्हा एवढा मोठा उद्योग आपल्या परवानगीशिवाय चालू आहे हे सरकारच्या ध्यानात आलं. लगोलग मानक मंडळ नेमलं गेलं. मंडळातल्या एकाही सभासदाने स्वतःच्या नखांखेरीज दुसऱ्या कुणाची नखं कधी निरखून पाहिलेली नव्हती, त्यामुळे नियम अगदी निःपक्षपाती झाले. टेबलाची उंची, खुर्चीची पाठ, दिव्याचा उजेड, नखांचा भुगा गोळा करायच्या डब्याचं झाकण, सगळं त्यात आलं. पुस्तक उशाला घेता येईल इतकं जाड झालं. नखं कशी करावीत याबद्दल त्यात काही नव्हतं, पण तो विषय पुढच्या आवृत्तीत घ्यायचं तत्त्वतः मान्य झालं होतं.

या पुस्तकात बारा विद्यार्थिनींमागे बारा सरावहात सांगितले होते. सरावहात म्हणजे मनगटापर्यंतचा प्लास्टिकचा हात. तो टेबलाला स्क्रूने बसवायचा, बोटांच्या टोकांना खोटी नखं खोचायची आणि शिकायला लागायचं. बाईंकडे पुरते बारा होते. पण त्यांतले दोन वर्गातल्या चष्मेवालीने तपासणीसाठी लख्ख करायचे म्हणून नेलपॉलिश काढायच्या द्रवात बुडवले आणि ती घरी निघून गेली. सकाळी वाडग्यात गुलाबी लगदा होता आणि एक अंगठा शाबूत होता.

"बाई, निदान अंगठा दाखवू का साहेबांना?" चष्मेवालीने रडवेल्या आवाजात विचारलं.

"तू गप्प बस आणि खिडकी उघड. वास येतोय," बाई म्हणाल्या.

आवाज खंबीर ठेवला तरी त्यांना खरी काळजी मंडळाच्या मान्यतेची होती. मान्यता मिळाली नाही तर पोरींना परीक्षेला बसता येणार नव्हतं. परीक्षाच नसेल तर शाळेत येणार कोण? हे केंद्र त्यांनी एका टेबलावर सुरू केलं होतं आणि पै-पाहुण्यांनी 'नखं कापायला कसली शाळा' म्हणून यथेच्छ हसून घेतलं होतं. ते दुसऱ्यांदा हसलेले बाईंना चालणार नव्हते.

कोपऱ्यात मावशी बसली होती. बाईंची सख्खी मावशी. ती वरच्या मजल्यावर बाईंच्याच घरी राहायची, स्वयंपाक करायची, भांडी आवरायची आणि दुपारी खाली येऊन पोरींपुढे हात पसरून डुलक्या काढायची. पोरी खरं काय ते तिच्याच हातांवर शिकायच्या, कारण प्लास्टिकचा हात चुकलं तरी 'आई गं' म्हणत नाही. आज तपासणीची गंमत बघायला म्हणून ती सकाळीच खाली उतरली होती.

तपासनीस वेळेवर आला. बारीक चणीचा, इस्त्रीचा, अत्यंत प्रामाणिक माणूस. त्याच्या प्रामाणिकपणानेच लोकांच्या नाकी नऊ यायचे. तो कुणाकडे चहा घ्यायचा नाही, पाणी स्वतःच्या बाटलीतलं प्यायचा आणि जे दिसेल ते लिहायचा. त्याने टेबलं मोजली, खुर्च्यांच्या पाठी मोजल्या, डब्याचं झाकण उघडमीट करून पाहिलं. मग तो हातांपाशी आला.

"दहा आहेत."

"बारा आहेत, साहेब."

"दहा," त्याने पुन्हा मोजून सांगितलं.

बाईंची नजर खोलीभर भिरभिरली आणि मावशीच्या मांडीवर विसावलेल्या हातांवर येऊन थांबली. पुढे कित्येकदा त्यांनी स्वतःला विचारलं की त्या क्षणी जीभ का चावली गेली नाही. पण नाही गेली.

"हे दोन धरा ना, साहेब," बाई म्हणाल्या.

तपासनीसाने मावशीकडे पाहिलं, मग पुस्तक उघडलं. हात प्लास्टिकचा असावा, असं पुस्तकात कुठेही नव्हतं. तसं लिहावं लागेल हे मंडळाला सुचलंच नव्हतं. 'पाच बोटं असलेला, टेबलावर स्थिर राहणारा व नख धारण करण्यास सक्षम,' एवढीच व्याख्या होती.

"टेबलावर ठेवा."

मावशीने ठेवले.

"स्थिर राहतात?"

"दुपारी जेवण झाल्यावर तर फारच," चष्मेवाली म्हणाली.

"अकरा, बारा," तपासनीस म्हणाला आणि त्याने खूण केली. बाईंनी सुटकेचा निःश्वास टाकला. तिथंच सगळं संपलं असतं तर या गोष्टीत सांगण्यासारखं काही उरलं नसतं.

काही दिवसांनी तो पितळी बिल्ले घेऊन आला. प्रत्येक उपकरणावर क्रमांक हवा, आणि तो स्क्रूने पक्का बसवलेला हवा. पहिल्या दहांना त्याने स्वतः बसवले. अकराव्यापाशी आल्यावर पेचकस हातात धरून तो बराच वेळ विचार करत उभा राहिला. शेवटी विशेष बाब म्हणून फितीने बांधायची सवलत त्याने आपल्या अधिकारात दिली.

"उपकरणाला मनगट वर करायला सांगा," तो बाईंना म्हणाला.

"अरे, मलाच सांग की," मावशी म्हणाली. "मला कान आहेत, तोंडही आहे."

"असेल," तो बाईंकडेच बघत म्हणाला, "पण त्यांची नोंद झालेली नाही."

जाताना तो अटींचा छापील कागद देऊन गेला. 'प्रशिक्षण-उपकरणाचा घरगुती कामासाठी वापर हा गैरवापर समजण्यात येईल व मान्यतेचा प्रस्ताव फेटाळण्यात येईल.' मावशीने चष्मा लावून तो दोनदा वाचला, मग घडी घालून उशीखाली ठेवला आणि त्या संध्याकाळपासून तिने ओट्याकडे पाठ फिरवली. उभ्या हयातीत कुणाचा कागद तिच्या इतका कामी आला नव्हता.

स्वयंपाक बाईंच्या यजमानांकडे आला. बाई दिवसभर केंद्रात, मावशी उपकरण, दुसरं कोण होतं?

"मावशी, निदान लसूण तरी सोलून द्या," ते काकुळतीला येऊन म्हणाले.

"सोलून द्यायला माझं काय जातंय, जावईबापू? पण उद्या मंडळाने पाहिलं तर? माझ्यामुळे पोरीचं केंद्र बंद पडायला नको. आणि भाजीत मीठ कमी आहे हो."

अटींमध्ये पुढे असंही होतं की उपकरणं थंड व कोरड्या जागी, धुळीपासून दूर ठेवावीत. झालं, मावशीच्या खोलीत गारव्याचं यंत्र बसलं. दिवसातून दोनदा तिचे हात मऊ फडक्याने पुसले जायचे आणि नंतर त्यांना सुगंधी तेल लागायचं. ती म्हणायची की हे सगळं आधी कळलं असतं तर तरुणपणीच नोंदणी केली असती. यजमान उकाड्यात पंख्याखाली पडून छताकडे बघायचे. आपल्यालाही एखादा बिल्ला मिळेल का, असं त्यांनी तपासनीसाला एकदा हळूच विचारून पाहिलं. माणसांसाठी तशी तरतूद नाही, असं त्याने सांगितलं.

मग अंतिम तपासणीचा दिवस उजाडला. ही पार पडली की मान्यता, मान्यता आली की परीक्षा. पोरींनी एप्रनला इस्त्री केली होती. बाईंनी या वेळी मावशीची सुटका करायची म्हणून प्लास्टिकच्या हातांची नवी जोडीही आणून कपाटात ठेवली होती. तपासनीसाने मापाची पट्टी काढली आणि एकेक बोट मोजून बिल्ले बसवताना टिपलेल्या मापाशी ताडत गेला. दहा हात झाले. अकराव्याशी तो थबकला. पुन्हा मोजलं. कपाळावर आठ्या आल्या.

"अकरा आणि बारा वाढलेत."

"नखं आहेत साहेब, ती वाढणारच."

"बाकी दहांची नाही वाढली," तो म्हणाला आणि त्याने पान उघडून दाखवलं. 'वापरादरम्यान मापात फरक आढळल्यास उपकरण सदोष समजावे व दुरुस्तीसाठी उत्पादकाकडे पाठवावे.' "उत्पादक कोण?"

"माझी आजी," बाई म्हणाल्या. "म्हणजे मावशीची आई."

"पत्ता?"

"तिला जाऊन पुष्कळ वर्षं झाली."

'उत्पादन बंद,' त्याने लिहिलं. "सुटे भाग मिळण्यासारखे आहेत?"

"हिची आई आहे ना, माझी धाकटी बहीण," मावशी मधेच म्हणाली. "तिचे हात असेच आहेत. पण ती द्यायची नाही. लहानपणी साधी रिबीन द्यायची नाही मला."

"मग निर्लेखन," तपासनीस म्हणाला.

"म्हणजे काय?"

"उपकरण यादीतून कमी करायचं. पाच पंचांसमोर नष्ट करायचं आणि तुकडे मंडळाच्या भांडारात जमा करायचे. रीतसर पावती मिळते."

चष्मेवालीने नेलपॉलिश काढायच्या द्रवाची बाटली उचलून हळूच पाठीमागे लपवली. मावशीने आयुष्यात प्रथमच दोन्ही हात पदराखाली घेतले.

"साहेब, नष्ट कशाला? मी नवी जोडी आणलीय, ती लावून घेते," बाई घाईघाईने म्हणाल्या.

"जुनी नष्ट झाल्याशिवाय नवी घेता येत नाही. तुमच्याकडे आत्ता चौदा हात आहेत असा त्याचा अर्थ होईल. तेरावा हात अनधिकृत आहे."

"मग हे दोन नुसते खोडून टाका. मोजलेच नव्हते म्हणा."

"मोजलेलं न मोजलेलं करायची तरतूद नाही हो, बाई," तो म्हणाला आणि बाईंच्या लक्षात आलं की त्याच्याही कपाळावर घाम आहे. मोजले त्यानेच होते. एक जितीजागती बाई उपकरणांच्या यादीत कशी शिरली, हे मंडळ त्यालाच विचारणार होतं. बिचाऱ्याने बाटलीतलं पाणी प्यायलं, तेही संपलं, तेव्हा पहिल्यांदाच त्याने बाईंच्या घरच्या चहाला नाही म्हटलं नाही.

बाई मात्र खुर्चीत मटकन बसल्या. इतके दिवस आवरून धरलेलं रडू त्यांना आवरेना. बारा पोरी एप्रन घालून ओळीने उभ्या होत्या आणि त्यांच्याकडे बघायची बाईंची छाती होत नव्हती. एका तोंडातून गेलेल्या चार शब्दांनी सगळं घालवलं होतं, आणि ते तोंड मावशीचं नव्हतं.

भाचीला रडताना बघून मावशीचं डोकं फिरलं. पदराखालून हात बाहेर काढून तिने ते टेबलावर आपटले.

"अरे, जन्मापासून हे हात माझ्यापाशी आहेत. यांचं माप चुकेल कसं? तुझी पट्टीच चुकत असेल, ती बघ आधी!"

तपासनीसाचा कप ओठांपाशी थांबला. तो कप खाली ठेवून त्याने पुस्तकाची पानं भराभरा उलटली. अगदी शेवटच्या, कुणी न वाचलेल्या परिशिष्टात त्याचं बोट थांबलं.

"संदर्भ नमुना," तो पुटपुटला. "ज्या वस्तूवरून मापं ठरतात, त्या वस्तूचं माप घेता येत नाही. ती असेल तेच माप. असा नमुना मंडळाने अजून निवडलेलाच नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे बाई, हे दोन हात बरोबर आहेत आणि बाकीचे दहा सदोष!" असं म्हणून तो हसला. त्याला हसताना बघून मावशीसुद्धा दचकली.

मावशीचे हात हाच नमुना, हा प्रस्ताव मंडळाने हातोहात मंजूर केला. वजनकाट्यांच्या मंडळाकडे नमुना होता, चपलांच्या मंडळाकडे होता, आपल्याकडेच नाही, हे सभासदांना केव्हापासून खटकत होतं. मापाडी आले. बोटांचे फुगलेले सांधे, तव्याच्या चटक्याचा जुना डाग, तळहाताची रुंदी, सगळं त्यांनी टिपून घेतलं. डाव्या करंगळीशी येऊन ते कोन मोजू लागले.

"साहेब, ती वाकडी आहे," बाईंनी न राहवून सांगितलं. "लहानपणी दारात सापडली होती तिची."

"नमुना वाकडा असू शकत नाही," तपासनीस समजुतीच्या सुरात म्हणाला. "सरळ कशाला म्हणायचं ते आता यावरून ठरणार."

मान्यता आली. बाईंनी ती चौकटीत घालून भिंतीवर लावली आणि मावशीच्या गळ्यात पडल्या, अर्थात उपकरणाला धक्का न लावता. कारखान्यांनी नव्या मापाचे सरावहात काढले, फुगलेले सांधे, चटक्याचा डाग आणि बाहेर झुकलेली करंगळी यांच्यासकट. सगळ्या पोरी परीक्षेला बसल्या आणि चष्मेवाली पहिली आली. मावशीची नखं वाढत तसतशी मानक लांबीही वाढायची, आणि तिने ती कापली की संध्याकाळच्या आत सर्व केंद्रांना परिपत्रक जायचं. जावईबापूंनी भाजी करपवली की मावशी मुद्दाम नखं कापायची नाही, आणि मग 'आजची लांबी किती' असं विचारणारे गावोगावच्या शाळांचे फोन त्यांना घ्यावे लागायचे.

इथपर्यंत कुणाचं काही बिघडलं नव्हतं. पुढे पोरी नोकऱ्यांना लागल्या. शिकल्या होत्या वाकड्या करंगळीवर, त्यामुळे सरळ करंगळी समोर आली की त्या गोंधळायच्या आणि नख तिरकं घासून मोकळ्या व्हायच्या. गिऱ्हाइकं पहिल्यांदा चिडली. 'मानकाप्रमाणे आहे' असं सांगितल्यावर ती गप्प झाली, आणि दुसऱ्या खेपेला तिरकं करून मागू लागली. मग ज्यांच्या करंगळ्या सरळ होत्या ती माणसं डावा हात खिशात घालून हिंडू लागली. कचेऱ्यांमध्ये चहाचा कप करंगळी बाहेर काढून धरायची पद्धत पडली. चटक्याचे डाग चिकटपट्टीवर छापून मिळायला लागले, तीन छटांमध्ये. पाठोपाठ करंगळी वाकवायला रात्रभर लावून ठेवायचा स्क्रूचा चिमटा बाजारात आला आणि तो दुकानांत टिकेना.

अशात एके दिवशी शाळेत गणित शिकवणारी एक बाई केंद्रात आली आणि खुर्चीत बसून तिने हात पुढे केले. लांबसडक, निरोगी बोटं. असे हात बाईंनी कित्येक वर्षांत पाहिले नव्हते. त्यांना अगदी मनापासून आनंद झाला.

"किती सुंदर हात आहेत हो तुमचे! काही करायची गरज नाही यांना," बाई म्हणाल्या.

गणिताच्या बाईंचा चेहरा पडला. "म्हणजे होण्यासारखं नाही का माझं? इतकं वाईट आहे?"

"अहो, सरळ आहे करंगळी. छान आहे."

"मला माहितीये सरळ आहे ते! वर्गातली पोरंसुद्धा मागून हसतात." त्यांचा आवाज चढला. "भिंतीवर मान्यता लावून बसता आणि सरळला छान म्हणता? मी मंडळाला कळवीन. अमानक करंगळी तशीच ठेवून परत पाठवतात म्हणून सांगेन!"

बाईंनी भिंतीवरच्या चौकटीकडे पाहिलं. शेजारच्या खोलीत नवी तुकडी बसली होती. बारा पोरी, बारा टेबलं, बारा वाकडे हात. कुणीतरी काहीतरी बोललं आणि सगळ्या खिदळल्या. बाई थोडा वेळ ते ऐकत राहिल्या. मग त्यांनी खण उघडून चिमटा बाहेर काढला.

"टेकून बसा," त्या म्हणाल्या. "थोडं दुखेल."

स्क्रू आवळत गेला तसं गणिताच्या बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, पण चेहऱ्यावर समाधान पसरलं. बाईंनी मान खाली घातली आणि काम पुरं केलं.

तुम्हाला हसू येत असेल. यायलाच हवं, लोक खुळे असतात. फक्त एवढंच, की मघाशी करंगळीचा विषय निघाल्यापासून तुम्ही निदान एकदा आपला डावा हात वर करून पाहिला आहे. करंगळी सरळ आहे, हेही पाहून झालं आहे. आणि इतकी वर्षं तिचं काही वाटलं नव्हतं, पण आता नीट बघितल्यावर जरा कशीतरीच दिसते. संकोच करू नका. मंगळवारी दुपारी बाईंकडे गर्दी कमी असते.